'बरं आहे' याचे गुण किती?

७ जून २०२१ च्या रात्री आयकर विभागाचं नवं पोर्टल सुरू झालं. विवरणपत्राच्या छाननीला लागणारे ६३ दिवस एका दिवसावर आणायचे, हा त्यामागचा हेतू. मंत्रिमंडळाने प्रकल्पासाठी मंजूर केलेली रक्कम जवळपास ४,२४२ कोटी रुपये, काम इन्फोसिसकडे. दुसऱ्या दिवसापासून देशभरातल्या चार्टर्ड अकाउंटंटांनी कपाळाला हात लावला. लॉगिन होईना, ओटीपी येईना, जुनी विवरणपत्रं दिसेनात. ऑगस्टमध्ये तर पोर्टल बंदच पडलं, आणि २३ तारखेला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना बोलावून घेऊन १५ सप्टेंबरपर्यंत सगळं सुरळीत करायला सांगितलं. विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ जुलैवरून ३० सप्टेंबरवर आणि तिथून ३१ डिसेंबरवर गेली. त्या ३१ डिसेंबरला मात्र एका दिवसात ४६ लाखांहून अधिक विवरणपत्रं याच पोर्टलवर दाखल झाली.

मग या पोर्टलचा दर्जा कसा होता म्हणायचं? जूनमध्ये शंख करणाऱ्यांचं खरं, की डिसेंबरमधल्या आकड्याचं? पगारदार माणसाला एकच फॉर्म भरायचा होता, त्याचं काम कदाचित दहा मिनिटांत झालं असेल. ज्या सीएच्या टेबलावर दोनशे अशिलांच्या फायली होत्या, त्याचं मत वेगळंच असणार. विचारलंच तर उत्तरं मिळतात ती अशी: 'बरं आहे', 'चालतं', 'आता सुधारलंय', 'गर्दीच्या वेळी बोंब असते'. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांतही बैठकीत याहून फार निराळी भाषा बोलली जात नाही. तरी निर्णय घ्यायचा असतो: घ्यायचं की नाही, पैसे द्यायचे की अडवायचे, दोन विक्रेत्यांपैकी कोण. अशा ढगळ शब्दांवरून ठाम निर्णयापर्यंत पोचायची एक गणिती वाट गेल्या पन्नासेक वर्षांत तयार झाली आहे. तिला फझी निर्णयपद्धती म्हणतात. ती वाट कुठवर पोचवते आणि कुठे चकवते, दोन्ही पाहण्यासारखं आहे.

सॉफ्टवेअरच्या दर्जाचे तुकडे पाडायचा सुरुवातीचा एक मोठा प्रयत्न १९७७ चा. जनरल इलेक्ट्रिकमधल्या जेम्स मॅकॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला आणि त्यात दर्जाचे ११ घटक सांगितले. अचूकपणा, विश्वासार्हता, वापरायला सोपं असणं हे घटक रोजच्या वापरातले. दुरुस्ती करणं सोपं आहे का, टेस्टिंग करता येतं का, हे घटक सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की आठवणारे. आणि दुसऱ्या यंत्रावर नेता येतं का, दुसऱ्या प्रणालीशी बोलतं का, हे स्थलांतराच्या वेळचे. ही विभागणी आजही पटते, कारण ती सॉफ्टवेअरकडे बघणाऱ्या माणसांची विभागणी आहे. कारकुनाला पहिला गट दिसतो, प्रोग्रामरला दुसरा.

पुढे आंतरराष्ट्रीय मानकं आली. १९९१ च्या आयएसओ ९१२६ मध्ये सहा मुख्य गुणवैशिष्ट्यं होती, २०११ च्या आयएसओ २५०१० मध्ये ती आठ झाली आणि त्यांच्या पोटात ३१ उपघटक आले. २०२३ च्या आवृत्तीत नववं वैशिष्ट्य दाखल झालं: माणसाच्या जिवाला आणि मालमत्तेला धोका न पोचवणं. हे इतक्या उशिरा यादीत यावं, याचं नवल वाटतं. थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिल्याच्या सहा घटना १९८५ ते १९८७ या काळातच घडून गेल्या होत्या, आणि त्यांत माणसं दगावली होती.

यादी तयार असणं ही सोपी बाजू. पंचाईत अशी, की हे घटक एकमेकांच्या पायात पाय घालतात. सुरक्षितता वाढवायला दर पाच मिनिटांनी लॉगआउट करा, ओटीपी मागा, पासवर्ड दरमहा बदलायला लावा. वापरणारा वैतागतो आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो. जुनं, तावून सुलाखून निघालेलं सॉफ्टवेअर पुन्हा वापरणं हा मॅकॉलच्या यादीतला चांगला गुण. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे युरोपी रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत भरकटून फुटलं, ते याच गुणापायी. दिशादर्शनाचा प्रोग्राम एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही आणि मुख्य व राखीव असे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले. त्यातली खरी बोच पुढेच आहे: प्रोग्रामच्या त्या भागाचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं.

काही घटक मोजता येतात. पान उघडायला किती सेकंद लागतात, महिन्यात सर्व्हर किती मिनिटं बंद होता, हजार ओळींमागे किती बग सापडले, हे आकडे निघतात. 'शिकायला सोपं' आणि 'बदल करायला सुटसुटीत' यांचं काय? तिथे शेवटी जाणत्या माणसाला विचारावं लागतं आणि तो शब्दांत सांगतो. शब्दांना गुण चिकटवायची नेहमीची पद्धत म्हणजे पाच चौकटींचा तक्ता: एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. त्यात तीन आणि चारच्या मध्ये घुटमळणाऱ्याला कुठेतरी टिक करावीच लागते. टिक झाली की घुटमळ पुसली जाते, आणि पुढच्या सगळ्या हिशेबात तो ठाम चार देणाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसतो.

ही घुटमळ गणितात शिल्लक ठेवायची युक्ती लॉत्फी झादेह यांची. जन्म १९२१ चा, बाकूचा. वडील पत्रकार, आई डॉक्टर. दहा वर्षांचे असताना कुटुंब तेहरानला गेलं, तिथून विद्युत अभियांत्रिकी करून ते १९४४ मध्ये अमेरिकेला पोचले आणि १९५९ पासून बर्कलीत शिकवू लागले. १९६५ मध्ये त्यांचा फझी संचांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. शाळेत शिकवलेल्या संचात एखादी वस्तू एक तर असते किंवा नसते. झादेह यांनी विचारलं, 'उंच माणसांचा संच' किंवा '१ पेक्षा खूप मोठ्या संख्यांचा संच' यांचं कुंपण कुठे घालायचं? त्यांचं उत्तर असं, की कुंपण घालूच नका, सभासदत्वाला ० ते १ मधलं प्रमाण द्या. सहा फुटी माणूस उंचांच्या संचात ०.९ इतका असेल, पाच फूट आठ इंचवाला ०.५ इतका.

इथे एक गल्लत हमखास होते. ०.५ म्हणजे तो माणूस उंच निघण्याची शक्यता पन्नास टक्के, असा अर्थ नाही. त्याची उंची आपल्याला नेमकी ठाऊक आहे. संदिग्ध आहे तो 'उंच' हा शब्द. सर्व्हर उद्या बंद पडेल का, हा संभाव्यतेचा प्रश्न. सर्व्हर महिन्यात चाळीस मिनिटं बंद होता हे समजल्यावर त्याला 'विश्वासार्ह' म्हणायचं का, हा फझी प्रश्न.

अमेरिकेत झादेह यांची बरीच टिंगल झाली. नियंत्रणशास्त्रातलं मोठं नाव असलेल्या रुडॉल्फ काल्मान यांनी १९७२ मध्ये भर परिषदेत टीका केली. बर्कलीतलेच विल्यम केहन यांनी तर या तर्काची तुलना कोकेनशी केली. विद्येच्या जागी सैलपणाला मान मिळतोय, असा एकूण आक्षेप. त्याला उत्तर यंत्रांकडून आलं. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी यांनी सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर एक छोटं वाफेचं इंजिन 'दाब जरा जास्त असेल तर उष्णता थोडी कमी करा' अशा धर्तीच्या नियमांवर चालवून दाखवलं. १९८७ मध्ये जपानमधल्या सेंदाई शहराची भुयारी रेल्वे फझी नियंत्रकावर धावू लागली. ती धक्के न देता थांबते म्हणून नावाजली गेली. त्याच लाटेत पुढे वॉशिंग मशीनवर 'फझी लॉजिक'चे स्टिकर आले आणि आपल्याकडच्या घराघरांत तो शब्द पोचला, अर्थ कळो न कळो.

सॉफ्टवेअरच्या दर्जाशी या विचाराचा सांधा जुळतो तो निर्णयशास्त्रातून. १९७० मध्ये रिचर्ड बेलमन आणि झादेह यांनी फझी परिस्थितीतल्या निर्णयांवर निबंध लिहिला. दरम्यान मोसुलमध्ये जन्मलेले थॉमस साटी त्याच दशकात एक वेगळी पद्धत घडवत होते. सगळ्या घटकांना एकदम गुण न देता त्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत कोण किती पटीने महत्त्वाचं ते १ ते ९ च्या मापाने सांगा. त्यातून प्रत्येकाचं वेटेज काढता येतं, आणि सांगणारा स्वतःशीच विसंगत बोलत असेल तर तेही पकडता येतं. १९८३ मध्ये व्हॅन लारहोव्हन आणि पेड्रिच यांनी साटींच्या जोड्यांत झादेह यांचे फझी आकडे घातले, म्हणजे नेमक्या 'तीन'च्या जागी 'साधारण तीन'. १९८१ मध्ये ह्वांग आणि यून यांनी तिसरी एक पद्धत मांडली होती: सर्व बाबतीत सर्वोत्तम असा काल्पनिक पर्याय आणि सर्व बाबतीत निकृष्ट असा काल्पनिक पर्याय मनात धरायचा, आणि खरा पर्याय पहिल्याच्या किती जवळ व दुसऱ्यापासून किती लांब ते पाहायचं. तिचीही फझी आवृत्ती निघाली. सॉफ्टवेअरच्या दर्जावरचे शेकडो शोधनिबंध याच दोन-तीन पद्धतींच्या मिश्रणातून तयार झाले आहेत. भारतीय विद्यापीठांचाही त्यांत मोठा वाटा आहे.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते एका काल्पनिक पण सहज घडण्यासारख्या प्रसंगातून बघता येईल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नागरी सहकारी बँकेला नवं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर घ्यायचंय. 'अ' आणि 'ब' असे दोन विक्रेते उरलेत. समितीत तिघे आहेत: एका शाखेच्या व्यवस्थापक बाई, आयटी विभागाचे प्रमुख आणि लेखापरीक्षक. घटक अनेक, पण सध्या फक्त विश्वासार्हतेचं बघू. 'अ'ला तिघांनीही 'चांगलं' म्हटलं. 'ब'ला पहिल्या दोघांनी 'उत्तम' म्हटलं आणि लेखापरीक्षकांनी 'कमी'. कारण चाचणीच्या वेळी डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, मध्येच अडकलं, पुन्हा चालवल्यावर काही खात्यांत व्याज दोनदा पडलं, आणि ते फक्त त्यांच्याच नजरेला आलं.

साध्या पद्धतीत दहापैकी गुण दिले जातात. 'कमी'ला २.५, 'चांगलं'ला ७.५, 'उत्तम'ला १०. 'अ'ची सरासरी ७.५. 'ब'ची सरासरी १०, १० आणि २.५ मिळून पुन्हा ७.५. बरोबरी.

फझी पद्धतीत प्रत्येक शब्द म्हणजे तीन आकड्यांचा त्रिकोण: किमान, सर्वात योग्य, कमाल. 'चांगलं' म्हणजे ५, ७.५, १०. 'कमी' म्हणजे ०, २.५, ५. 'उत्तम' म्हणजे ७.५, १०, १०, कारण दहाच्या वर जागा नाही. तिघांच्या त्रिकोणांची सरासरी काढली की 'अ' राहतो ५, ७.५, १० वर आणि 'ब' येतो ५, ७.५, ८.३३ वर. शेवटी त्रिकोणाचा मध्य, म्हणजे तिन्ही आकड्यांची सरासरी, काढून एक आकडा करतात. 'अ' ७.५०, 'ब' ६.९४. बरोबरी फुटली, 'अ' जिंकला. अहवालात लिहायला छान आहे: फझी पद्धतीने जे दाखवलं ते साध्या सरासरीला दिसलं नाही.

पण 'ब' मागे का पडला, हे खोदून बघावं. लेखापरीक्षकांच्या आक्षेपामुळे? मुळीच नाही. 'उत्तम'चा त्रिकोण दहाच्या भिंतीला टेकून एका बाजूने कापला गेला, एवढंच कारण. त्याहून गमतीचं असं, की 'अ'चा त्रिकोण ५ एकक रुंद आहे आणि 'ब'चा ३.३३. म्हणजे ज्या विक्रेत्याबद्दल समितीत रणकंदन आहे, त्याच्याबद्दल गणित जास्त खात्रीने बोलतंय! त्रिकोणाची रुंदी प्रत्येकाच्या शब्दातली संदिग्धता सांगते. माणसामाणसांतला मतभेद सरासरीत विरून गेला.

मतभेद दाखवायचा तर दुसरी रीत आहे, आणि तीही निबंधांतून सर्रास वापरली जाते: किमानांतला किमान घ्यायचा, कमालांतला कमाल, आणि मधल्यांची सरासरी. आता 'अ' तसाच राहतो, पण 'ब' होतो ०, ७.५, १०. मध्य ५.८३, रुंदी पूर्ण दहा. आता कुठे समितीतली फूट कागदावर उमटली. मतं तीच तीन, शब्द तेच तीन. 'ब'चा आकडा मात्र ७.५०, ६.९४ किंवा ५.८३, आणि कुठला ते ठरलं एका अशा निवडीवर जी बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकलेली असते.

वेटेज काढतानाचा सापळा आणखी खोल आहे. चांग यांनी १९९६ मध्ये फझी जोड्यांतून वेटेज काढायची एक सुटसुटीत पद्धत दिली आणि ती अतोनात लोकप्रिय झाली; एक्सेलमध्ये तासाभरात बसवता येते, हे त्याचं एक कारण असावं. तिची परीक्षा दोनच घटकांवर घेऊन बघा. समितीचं म्हणणं, विश्वासार्हता वापरसुलभतेच्या साधारण तिप्पट महत्त्वाची, म्हणजे फझी आकडा २, ३, ४. कुणीही बोटं मोजून सांगेल की वेटेज ७५ आणि २५ च्या आसपास यावं. चांग यांच्या रीतीने गणित केलं की पहिल्या घटकाचा त्रिकोण पडतो ०.४६ ते १.१८ वर आणि दुसऱ्याचा ०.१९ ते ०.३५ वर. दोन त्रिकोण एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणून दुसरा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा असण्याची शक्यता शून्य, आणि म्हणून त्याचं वेटेजही शून्य. 'एक तृतीयांश महत्त्वाचं' असं सांगितलेली वापरसुलभता निर्णयातून साफ बाद! वांग, लुओ आणि हुआ यांनी २००८ मध्ये हा दोष उघड केला, की ही पद्धत वेटेज काढतच नाही, ती फक्त कोण कुणाच्या वर आहे एवढंच बघते. तरीही तिच्यावर बेतलेले निबंध त्यानंतर थांबले नाहीत.

साटी यांनाही त्यांच्या पद्धतीत फझी आकडे घालणं कधी रुचलं नाही. माणसाने 'तीनपट' म्हटलं त्यातच अंदाज आलेला आहे, त्याला पुन्हा धूसर करून काय मिळणार, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि २००७ मध्ये त्यांनी तो निबंधातून मांडला. अर्थात त्यांच्या पद्धतीलाही तिचं दुखणं आहे. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की आधीच्यांपैकी एकाची हुबेहूब नक्कल असलेला पर्याय स्पर्धेत आणला तरी वरच्या दोघांचा क्रम उलटू शकतो. टेंडरच्या धंद्यात डमी निविदा भरणाऱ्यांना हे वाचायला आवडेल.

या सगळ्यांपेक्षा जास्त विचार करण्यासारखी गोष्ट बेलमन आणि झादेह यांच्या १९७० च्या निबंधात आहे, आणि नेमकी तीच मागे पडली. त्यांच्या मते चांगला निर्णय म्हणजे हेही उद्दिष्ट साधणारा आणि तेही साधणारा. आणि फझी तर्कात 'आणि' म्हणजे दोहोंपैकी किमान. विश्वासार्हता ०.३ आणि दिसणं ०.९ असेल तर एकूण ०.३. साखळीची किंमत तिच्या सर्वात कच्च्या कडीइतकी. नंतरच्या बहुतेक पद्धती बेरजेच्या आहेत: एका घटकात कमी पडलं तर दुसऱ्यात भरून काढता येतं. पत्रिका जुळवणारे गुरुजी या बाबतीत जास्त सावध असतात. आठ कूटांचे मिळून ३६ गुण, त्यांतले नाडीचे आठ. पण एक नाडी आली तर उरलेले २८ च्या २८ जुळूनही घरचे अडून बसतात, बेरीज किमान लागणाऱ्या १८ च्या कितीही वर गेली तरी. तो अडसर योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या घटकाची तूट कशानेच भरून निघणार नाही, हे मात्र बेरीज करायच्या आधी ठरवावं लागतं. रंगीत डॅशबोर्डचे गुण व्याज दोनदा पाडण्याच्या भरपाईला चालत नाहीत.

सॉफ्टवेअरच्या एका विशेषणावर न्यायालयात किती घमासान होऊ शकतं, हे ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने दाखवून दिलंय. फुजित्सूने पुरवलेलं होरायझन हे हिशेबाचं सॉफ्टवेअर १९९९ पासून टपाल कार्यालयांत बसवलं गेलं. त्यात हिशेबाची तूट दिसली की कार्यालय चालवणाऱ्या पोस्टमास्तरवर चोरीचा ठपका. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, काहींची घरंदारं गेली. पोस्ट ऑफिसचा बचाव वर्षानुवर्षं एकच: प्रणाली भक्कम आहे. शेवटी ५५० च्या वर पोस्टमास्तर एकत्र येऊन उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायमूर्तींपुढे ठेवलेल्या मुद्द्यांत हाही एक होता: होरायझन कितपत आणि कुठल्या बाबतीत भक्कम आहे?

डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलंच नाही. त्यांनी प्रणालीच्या तीन आवृत्त्या वेगळ्या केल्या. पहिली अजिबात भक्कम नव्हती. २०१० नंतरची दुसरी किंचित बरी, पण तिच्यातही दोषांची संख्या लक्षणीय. २०१७ पासूनची तिसरी आधीच्या दोन्हींपेक्षा पुष्कळच भक्कम. एका ठोकळेबाज शब्दाचे तीन काळांत तीन दर्जे केल्याबरोबर खटल्याचा रंग पालटला, कारण बहुसंख्य पोस्टमास्तरांवर ठपका आला तो पहिल्या आवृत्तीच्या काळात. फ्रेझर यांच्यापुढे फझी गणित नव्हतं. पण 'कितपत' हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने घेतला, आणि वीस वर्षं पोस्ट ऑफिसने नेमका तोच टाळला होता. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या.

आपल्याकडे सरकारी खरेदीत दर्जाला गुण देण्याचे प्रसंग वाढत चाललेत. पूर्वी सगळा मामला एल-वनचा, म्हणजे सर्वात कमी दर भरणाऱ्याचा. २०१७ च्या केंद्रीय सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार सल्लागार नेमताना दर्जा आणि किंमत मिळून निवड करता येते आणि त्यात दर्जाला ८० टक्क्यांपर्यंत वेटेज देता येतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने हा मार्ग ठरावीक प्रकारची बांधकामं आणि इतर सेवांनाही मोकळा केला, मात्र तिथे दर्जाचं वेटेज ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. निविदा-कागदपत्रांत मग तक्ते येतात: कामाचा अनुभव इतके गुण, तांत्रिक आराखडा इतके, सादरीकरण इतके. सादरीकरणाला वीसपैकी साडेसोळा देणाऱ्या सदस्याच्या मनात काय होतं, हे त्या साडेसोळावरून कुणाला कळत नाही, आणि अपिलात विचारलं तर त्यालाही आठवत नाही.

फझी पद्धतीचा उपयोग अशा ठिकाणी करायचा तर तिच्या शेवटच्या आकड्यापेक्षा तिच्या कच्च्या तक्त्यावर जास्त भर द्यावा लागेल. कोणी कोणता शब्द वापरला, त्या शब्दाचा त्रिकोण बोली उघडायच्या आधी ठरला होता का, मतं कुठल्या रीतीने एकत्र केली, वेटेज थोडं इकडेतिकडे केलं तर पहिला नंबर टिकतो की घसरतो. हे चार रकाने इतिवृत्ताला जोडले तर लेखापरीक्षकालाही काहीतरी धरायला सापडेल. आपल्या त्या बँकेत 'अ' ७.५० आणि 'ब' ६.९४ हे दोन आकडे संचालक मंडळापुढे गेले, तर चर्चा दोन मिनिटांत आटोपेल. त्याऐवजी 'उत्तम, उत्तम, कमी' ही ओळ जशीच्या तशी गेली, तर कुणीतरी विचारेलच की हे 'कमी' कुणाचं आणि का. मग 'ब'च्या माणसांना बोलावून डे-एंड पुन्हा चालवून घेता येईल, या वेळी लेखापरीक्षकांच्या समोर बसून.